अत्यंत देखणा बोका

भव्यकाकांना विशेषणांचा भारी नाद होता. तसे ते बोर्ड रंगवणारे पेंटर, आणि हात असा की ब्रश टेकवला की जाणारा-येणारा थबकलाच पाहिजे. पण नुसतं 'केशकर्तनालय' लिहून त्यांचं समाधान होत नसे. तीन खुर्च्या आणि एक तडा गेलेला आरसा एवढाच ज्याचा संसार, त्या दुकानावर त्यांनी 'भव्य केशकर्तनालय' असं झोकात लिहिलं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीत गिऱ्हाईक आत शिरलं तर किल्लीवाल्याला बाहेर उभं राहावं लागे, तिथेही 'भव्य'. शेवटी अख्ख्या वस्तीने त्यांचं खरं नाव विसरून त्यांनाच भव्यकाका म्हणायला सुरुवात केली. काका अंगाने काडीपहिलवान, त्यामुळे नाव आणखीच शोभून दिसायचं.

काकूंचा कारभार अगदी उलटा. त्या एका लाँड्रीत काउंटरवर बसत. आलेल्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचायची, आणि चिठ्ठीवर असं काही लिहायचं की धुऊन, वाळून, इस्त्री होऊन आला तरी तो कपडा ढिगातून ओळखू यावा, हे त्यांचं काम. 'पांढरा शर्ट, छान' असं लिहिलं असतं तर कल्याणच झालं असतं, कारण पांढरे आणि छान शर्ट तिथे गठ्ठ्यांनी येत. काकू लिहायच्या, 'कॉलरच्या आत डावीकडे पेनाची रेघ, खालून दुसरं बटण जाड दोऱ्याने लावलेलं.' इतक्या वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेला नव्हता. नवऱ्याच्या बोर्डांबद्दल मात्र त्या अवाक्षर काढत नसत. आपण आपलं काउंटर सांभाळावं, असा त्यांचा खाक्या.

या घरात तिसरा होता डांबऱ्या, म्हणजे बोका. कुणाच्या तरी चादरींच्या गठ्ठ्यातून तो पिल्लू असताना लाँड्रीत आला होता, आणि चिठ्ठी नसलेला तो एकुलता एक नग काकू पदराखाली घालून घरी घेऊन आल्या होत्या. डांबऱ्या हे नाव काकांनी ठेवलेलं. काकू त्याला 'बाळा' म्हणत. आता बाळ म्हातारं झालं होतं, दात मोजकेच उरले होते, आणि मासासुद्धा काकू कुस्करून भरवत. काका त्याला 'काळं संकट' म्हणायचे आणि तो पायांत आला की 'हट्' करायचे. निदान काकू घरात असताना तरी.

एके दिवशी काकांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार रंगवायला काढलं. टर्पेंटाइनचा वास डोक्यात जायला लागला तशी त्यांनी जाळीची खिडकी सताड उघडली, आणि दुसरा हात मारायच्या नादात खिडकी विसरले, बोका विसरले, जगच विसरले. काकू कामावरून आल्या तेव्हा दार निळं चकचकीत झालं होतं, आणि खिडकीच्या कठड्यावरच्या धुळीत पंजांचे ठसे उमटले होते. सगळे बाहेर जाणारे.

काकू भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर काका हरले असते, पण मोकळे तरी झाले असते. काकूंनी बोलणंच टाकलं. चहा वेळेवर मिळत होता, शर्टाला इस्त्री होत होती, पण 'अहो' ऐकू येत नव्हतं. संध्याकाळ झाली की त्या मागच्या दाराशी दुधाची वाटी ठेवत आणि काळोख पडला की जशीच्या तशी आत आणत. डांबऱ्याने जन्मात कधी रस्ता ओलांडला नव्हता. तो परत आला नाही तर काकू सगळं करतील, संसारात काही म्हणून कमी पडू देणार नाहीत, पण हसणार मात्र नाहीत, हे काकांना स्वच्छ दिसत होतं. आणि काकू ज्यात हसत नाहीत असं घर काकांना नको होतं. इतकं साधं होतं ते.

पहिल्यांदा त्यांनी फोटोची पत्रकं छापायचं ठरवलं. फोनमध्ये डांबऱ्याचे फोटो भरमसाट होते. पण काळ्या बोक्याचा फोटो म्हणजे उशीवर काळा गोळा, गालिच्यावर काळा गोळा, काकूंच्या मांडीवर काळा गोळा. छापखान्यातल्या माणसाने पहिलं पत्रक हातात घेतलं आणि ओशाळून म्हणाला, "शाई सांडलेली दिसतेय. दुसरं काढून देतो."

मग काकांनी आपलं अस्त्र बाहेर काढलं. चौकात सोफे दुरुस्त करणाऱ्याचं एक दुकान होतं, आणि त्याच्या बरोबर समोर एक लांबलचक रिकामी भिंत. मालकाची परवानगी काढून काकांनी तिथे दारापेक्षा मोठा प्लायवुडचा बोर्ड ठोकला. लाल जमीन, सोनेरी अक्षरं, अक्षरांना काळी सावली, सावलीला पांढरी कड. 'हरवला आहे! अत्यंत देखणा, राजबिंडा, तेजस्वी, गुणी, काळाभोर बोका! आणून देणाऱ्यास भव्य बक्षीस!' बोर्ड दाखवायला ते काकूंना मुद्दाम घेऊन गेले. काकूंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, काकांकडे एकदा पाहिलं, आणि कामावर निघून गेल्या.

बोर्ड गाजला. लोक थांबायचे, मान मागे टाकून बघायचे आणि म्हणायचे, "काय अक्षर आहे हो!" काय हरवलंय ते विचारलं तर निम्म्यांना सांगता यायचं नाही. एक बाई दारात येऊन म्हणाली, "तसंच सोनेरी माझ्या पार्लरला करून द्या ना." आणि मग बोके यायला लागले. एक गृहस्थ पिशवीतून रेशमासारख्या केसांचा, गळ्यात घंटा असलेला बोका घेऊन आले. तो औषधवाल्याचा निघाला, आणि औषधवाला मागोमाग धावत आला. दोघी बहिणी एक काळीभोर, चकाकत्या डोळ्यांची मांजरी घेऊन आल्या. तिने काकांच्याच टोपीत तीन पिल्लांना जन्म दिला. रिक्षावाला एक आणून म्हणाला, "थोडा पांढरा आहे, पण देखणा किती आहे बघा!" वस्तीतला एकही सुरेख बोका सुखाने घरी झोपेना. काका प्रत्येकाला पाहून मान हलवायचे आणि चहा पाजून परत पाठवायचे.

शेवटी एक बाई पांढराशुभ्र, निळ्या डोळ्यांचा बोका काखेत मारून आली आणि तो आपला नाही म्हटल्यावर रुसून गेली. दार लावून काका वळले, तर काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या.

"अहो," काकू म्हणाल्या. किती दिवसांनी तो शब्द कानावर पडला म्हणून काकांचा ऊर भरून आला. पण पुढचं ऐकायचं होतं. "असल्या वर्णनाने बोका मिळत नसतो. जावई मिळतो."

"अगं, पण आपला डांबऱ्या काय वाईट आहे का दिसायला?"

"वाईट?" काकू टेबलाशी बसल्या. "त्याचा उजवा कान अर्धा आहे. शेपटीचं टोक मोडून डावीकडे वळलंय. एका बाजूच्या मिशा शेगडीवर जळाल्या त्या पुन्हा धड आल्या नाहीत. एक सुळा तोंड मिटलं तरी बाहेर राहतो. आणि लाड केले की लाळ गळते. माझे दोन ब्लाउज वाया गेलेत."

"हे सगळं बोर्डावर? चारचौघांत?" काका हादरले. "लोक काय म्हणतील, हा असला बोका शोधतायत हे?"

"लोक म्हणतील, हा बघा तो. कपडा कशाने ओळखतात माहितीये? चांगुलपणाने नाही. चांगले सगळे सारखेच असतात. डाग कुठे आहे, उसवलंय कुठे, कुणी घाईघाईत टाका घातलाय, यावरून ओळखायचा. लिहा."

काकांनी निमूटपणे कागद ओढला. काकू सांगत गेल्या, काका लिहीत गेले. उन्हात बसला की पोट काळं नाही, तपकिरी दिसतं. ओरडला की दाराची बिजागरी कुरकुरल्यासारखं वाटतं. तेवढं झाल्यावर काकू थांबल्या, आणि पेन मात्र चालूच राहिलं.

"आणखी काय लिहिताय? पुन्हा राजबिंडा?"

"नाही गं." काका चष्मा पुसायला लागले. "घोरतो ना तो. आणि घोरणं संपताना एक बारीक शिट्टी वाजते. पाणी प्यायच्या आधी भांड्यात पंजा बुडवून बघतो, मग पंजाच चाटत बसतो आणि पाणी राहतं तसंच. आणि मागच्या डाव्या पायाचं मधलं बोट खालून गुलाबी आहे. बाकी सगळी काळी."

काकूंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "इतकी वर्षं मी त्याला भरवतेय. ते बोट मला माहीत नव्हतं."

"तू दुपारी कामावर असतेस," काका खालच्या आवाजात म्हणाले. "मी जेवून आडवा झालो की येतो छातीवर. उताणा झोपतो. तोंडासमोर तो पायच असतो, दुसरं काय बघणार माणूस?"

काकू उठल्या. चहा ठेवताना त्यांनी साखर जरा जास्त घातली, आणि काकांच्या ते लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं चौकात पोहोचली. काकूंनी लाँड्रीतून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. काकांनी लाल जमिनीवर पांढरा रंग फासला, 'राजबिंडा' मात्र अगदी शेवटी झाकला. मग त्यांनी सरळ, उभी, काळी अक्षरं काढायला घेतली. सावली नाही, कड नाही. मजकूर इतका की अक्षरं बारीक करावी लागली. काकू शिडी धरून उभ्या होत्या आणि कागद वाचून सांगत होत्या. उन्हं वर आली तेव्हा बोर्ड असा तयार झाला:

'बोका हरवला आहे. काळा, पण उन्हात पोट तपकिरी. उजवा कान अर्धा. शेपटीचं टोक मोडून डावीकडे वळलेलं. एका बाजूच्या मिशा जळक्या. एक सुळा कायम बाहेर. खूश झाला की लाळ गाळतो. आवाज बिजागरीसारखा. झोपेत घोरतो, शेवटी शिट्टी वाजते. पाण्यात आधी पंजा बुडवून बघतो. मागच्या डाव्या पायाचं मधलं बोट खालून गुलाबी. चावता येत नाही, कृपया कुस्करून द्यावं. दिसायला यथातथाच. आमचा आहे.'

खाली चार बोटं जागा उरली होती. काकांचा हात शिवशिवला. त्यांनी ब्रश सोनेरी डब्याकडे नेला.

"डबा बंद करा," खालून काकूंचा आवाज आला.

बारीक अक्षर वाचायचं तर जवळ यावं लागतं. लोक जवळ आले. कुणी "काय अक्षर आहे" म्हटलं नाही. दूधवाली मोठ्याने वाचायला लागली, तिच्या मागच्या माणसाने "हळू, हळू, मिशांचं काय म्हणालात?" असं विचारलं, आणि 'चावता येत नाही'पाशी एक आजोबा स्वतःची कवळी आठवून हसले. जो तो खाली वाकून गाड्यांखाली आणि पायऱ्यांमागे बघायला लागला. काका शिडीवरून हे बघत होते. आपल्या बोर्डाने लोक खरोखर काहीतरी शोधायला लागलेत, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांना विलक्षण आनंद झाला.

गलबला ऐकून समोरचा सोफेवाला दुकानातून बाहेर आला. जाडजूड माणूस, तोंडात दोन-तीन बारीक खिळे धरलेले, हातात हातोडी. रस्ता ओलांडून तो बोर्डापुढे उभा राहिला, ओठ हलवत दोन ओळी वाचल्या, भुवया वर चढवल्या आणि तडक दुकानात परत गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. आणखी दोन ओळी वाचल्या. पुन्हा आत. काकूंनी शिडी घट्ट धरली. काकांच्या हातातला ब्रश पँटवर टपटप गळत होता, त्यांना भान नव्हतं. तिसऱ्यांदा सोफेवाला बाहेर आला तेव्हा तोंडातले खिळे काढलेले होते, आणि खांद्यावर पोत्यासारखी उलटी टाकलेली एक काळी वस्तू होती. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याने तिचा मागचा डावा पाय धरला, बोटं फाकवली आणि उन्हाकडे करून निरखून पाहिलं.

"गुलाबी आहे!" तो ओरडला.

काळ्या वस्तूने मान वळवली, काकूंना पाहिलं, आणि कुरकुरत्या बिजागरीचा असा काही आवाज काढला की दूधवालीच्या हातातलं माप खाली पडलं. काकूंनी शिडी सोडून दिली. काका वर डुगडुगत राहिले, पण त्यांची तक्रार नव्हती. काकूंनी डांबऱ्याला पोटाशी धरलं, त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि डांबऱ्याने लगेच त्यांच्या बाहीवर लाळ गाळायला सुरुवात केली.

"पेंटरसाहेब, हा तुमचा?" सोफेवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो, मग आधी तसं लिहायचं ना! हा पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. आत तीन माणसांच्या सोफ्यात कापूस भरायचा राहिलाय, त्यात झोपतो. मी रोज चहा पिताना तुमचा तो सोनेरी बोर्ड वाचायचो, हा मांडीवर. म्हणायचो, बिचाऱ्यांचा काय देखणा बोका हरवलाय बघ रे. दोन संध्याकाळी तर त्या राजबिंड्याला शोधायला गल्ल्या पालथ्या घातल्या. हा माझ्या मागे-मागे!"

सगळा चौक खो-खो हसला. काका शिडीवरून उतरता-उतरता अर्ध्यावर थांबले आणि त्यांनाही हसू आवरेना. अंगावर काढलेल्या सगळ्या काळजीचं हसू ते.

"खायला काय घालत होता हो त्याला?" काकूंनी डोळे पुसत विचारलं.

"चावायला येत नव्हतं वहिनी, म्हणून पाव दुधात भिजवून द्यायचो." सोफेवाल्याने डांबऱ्याच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं, आणि एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा एवढासा झाला. "दुकानात आता सुनं-सुनं होईल जरा."

"रविवारी घरी या," काकू म्हणाल्या. "दर रविवारी या. तुमच्या हातचा पाव त्याला लागेलच आता." मग काकांकडे न बघता पुढे म्हणाल्या, "आणि यांच्या टोपीत तीन पिल्लं आहेत. त्यांची आई आमच्याकडेच राहिलीय. मोठी झाली की एक घेऊन जा."

"देखणं आहे का?" सोफेवाल्याने संशयाने विचारलं.

काका बोर्ड उतरवायला गेले तर लोक काढू देईनात. मागच्यांचं वाचून व्हायचं होतं. शेवटी त्याच उरलेल्या चार बोटांच्या जागेत त्यांनी साध्या अक्षरात 'सापडला' एवढंच लिहिलं, आणि काकूंच्या परवानगीने शेवटी एक छोटंसं सोनेरी टिंब दिलं.

घरी जाताना काकूंच्या खांद्याला पिशवी होती, पिशवीत डांबऱ्या घोरत होता. काका शिडी घेऊन शेजारी चालत होते. त्यांना एकदम तरुण झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्या भरात त्यांनी जरा छाती काढून विचारलं, "अगं, समजा मी हरवलो असतो. तर काय लिहिलं असतंस?"

कुठलं तरी एक बरं विशेषण पदरात पडावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. काकूंनी चालता-चालता त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, काउंटरवर एखादा कोट उलटून-पालटून बघावा तसं.

"नग एक. नवरा," काकू म्हणाल्या. "कापड पातळ, पण शिवण पक्की. कानामागे रोज नव्या रंगाचा ठिपका. रस्त्याने जाताना दुसऱ्यांच्या पाट्या ओठांतल्या ओठांत वाचतो आणि मनातल्या मनात दुरुस्त करतो. शिंक यायची तर आधी घरभर वर्दी देतो. दुपारी छातीवर बोका घेऊन झोपतो, विचारलं तर नाही म्हणतो."

"आणि?" काकांनी आशेने विचारलं.

"डाग निघणार नाहीत," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला कल्पना आहे."

आणि मग त्या रस्त्यातच थांबल्या आणि इतक्या मोठ्याने हसल्या, की पिशवीतली शिट्टी बंद पडली आणि एक अर्धा कान बाहेर आला.